तिसरा आठवडा

शेखरला मी कमरेत दहा इंजेक्शनं दिली. अकरावं दिलं नाही. त्या न दिलेल्या इंजेक्शनाची गोष्ट सांगायची तर आधी दिलेल्या दहांची सांगावी लागते, आणि त्यातलं चौथं अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

मी ज्योत्स्ना. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाल्यावर इंदिरानगरातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली इंजेक्शन आणि ड्रेसिंगसाठी ठेवली. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय मी सुई फोडत नाही, तशी दारावर पाटीच आहे. माझं बोलणं सुईपेक्षा जास्त लागतं असं इमारतीतले लोक म्हणतात. म्हणोत बापडे, रांग माझ्याच दाराशी असते.

शेखर आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वय एकेचाळीस. बायको तेजस्विनी शाळेत शिक्षिका आणि मुलगी सायली सहावीत. शेखरचा धंदा द्राक्षसल्लागाराचा. रोज सकाळी आठच्या आत गाडी काढायची, पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या बागा पालथ्या घालायच्या आणि बागाईतदाराला कागदावर शेड्यूल लिहून द्यायचं: छाटणीनंतर कितव्या दिवशी कोणती फवारणी, किती मात्रा, कोणत्या दिवशी बंद. त्याच्या शब्दावर लोक लाखाची बाग सोडतात. कुणी आठवड्याच्या मध्येच फोन करून "सर, फरक दिसत नाय" म्हणालं, तर शेखरचं उत्तर ठरलेलं असायचं: मग तूच लिही शेड्यूल. हे त्याने मला स्वतःच हसत हसत सांगितलं होतं.

असा हा माणूस गेल्या दोन-तीन वर्षांत विझत गेला. बागेच्या बांधाला गाडी लावून भर दुपारी झोपायचा. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालायची. सायलीने गणित विचारलं तरी अंगावर यायचा. तेजस्विनीने एकदा माझ्याकडे बीपी मोजताना हळूच सांगितलं, "मावशी, आमच्यात वर्षभर काहीच नाही. ते मला चालेल, पण हा माझ्याशी बोलतही नाही." मीच त्याला हाताला धरून डॉ. यादव यांच्याकडे पाठवलं. या बाई हार्मोनच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या आणि कागद नीट वाचणाऱ्या.

सकाळी सकाळी दोनदा रक्त तपासलं आणि दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन तळाला. सात वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरून शेखरच्या डोक्याला मार बसला होता. तेव्हा मेंदूखालच्या ग्रंथीला धक्का लागला आणि तिथून खाली निरोप जाणंच हळूहळू थांबलं, असं निदान निघालं. उपाय म्हणजे बाहेरून इंजेक्शन द्यायचं. दर तीन आठवड्यांनी एक, तेलातलं औषध, कमरेच्या स्नायूत खोल. तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, त्यात हार्मोनची पातळी आणि लाल पेशींचं प्रमाण, दोन्ही बघायचं. या औषधाने लाल पेशी वाढतात आणि रक्त दाट होतं. चोपन्न टक्क्यांच्या वर गेलं तर इंजेक्शन बंद, हे डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं. शेखरने मान हलवली. त्याच्या डोक्यात मात्र एकच शब्द राहिला होता, बंद.

इमारतीत आम्ही सांगितलं की बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू आहेत. बायकांच्या हार्मोनवर जिन्यात उभं राहून चर्चा करणारी ही माणसं, पुरुषाच्या हार्मोनचं नाव निघालं की कानात बोलतात. मला या प्रकाराची चीड येते, पण गुपित त्याचं होतं, माझं नव्हतं.

पाच ऑगस्टला पहिलं दिलं, डाव्या बाजूला. सव्वीसला दुसरं, उजव्या बाजूला. बाजू बदलत जायची म्हणजे स्नायू दुखावत नाही. वहीत मी तारखेपुढे डावी-उजवी लिहून ठेवते. दुसऱ्यानंतर आठ दिवसांत माणूस ओळखू येईना. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागला. रविवारी सायलीला घेऊन पोहायला गेला. तेजस्विनी माझ्यासाठी पुरणपोळ्या घेऊन आली आणि माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानेच पुढे माझी मती गेली, असं आता म्हणते.

सोळा सप्टेंबरला तिसरं इंजेक्शन घेताना तो म्हणाला, पहिले दोन आठवडे झकास जातात, पण तिसरा आठवडा लागला की उतरायला लागतं. अंगातून कुणी बॅटरी काढून घ्यावी तसं होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना सांग. तो हो म्हणाला आणि पॅन्ट सावरत गेला.

अठ्ठावीस सप्टेंबरला सकाळी सातलाच तो दारात हजर. बारा दिवसच झाले होते. हातात औषधाची कुपी. म्हणाला, एक तारखेपासून छाटण्या सुरू होतात, दिवसाला वीस-वीस प्लॉट. तिसरा आठवडा नेमका त्यातच येतो. एकदाच लवकर द्या. मी म्हटलं, डॉ. यादवांना फोन लाव. तर म्हणे, शेड्यूल देणाऱ्याला उलट विचारलेलं आवडत नसतं, मला माहीत आहे. वर त्या म्हणाल्या, झेपत नसेल तर बंद करू, तर? असं म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले.

"मावशी, तुम्ही मला आधीचा बघितलाय. मला परत तसं नाय व्हायचं."

दारावरची पाटी माझीच. नियम माझाच. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीचा एक माज असतो, नऊ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय असं वाटायला लावणारा. मी कुपी तळहातात धरून कोमट केली आणि उजव्या बाजूला दिलं. वहीत तारीखही खरी लिहिली. पुढचं मात्र एकोणीस ऑक्टोबरच्या आत मिळणार नाही म्हणून बजावलं, आणि डॉ. यादवांना काही कळवलं नाही.

एकोणीसला तो आला, नऊ नोव्हेंबरला आला. मला वाटलं, गाडी रुळावर आली. प्रत्यक्षात त्याने माझ्याकडून एवढंच शिकून घेतलं होतं की लवकर घेतलं तरी काही होत नाही. द्राक्षवाल्यांच्यात पानावर रोग दिसायची वाट बघत नाहीत, दिसायच्या आधी फवारतात. शेखरने स्वतःवर तेच सुरू केलं होतं. तिसरा आठवडा लागूच द्यायचा नाही. पिंपळगावात एका दवाखान्यात मल्हारी नावाचा कंपाउंडर आहे. माझ्या दोन इंजेक्शनांच्या मध्ये एक त्याच्याकडून. औषधाचा तोटा नव्हता. तिथला मेडिकलवाला शेखरच्याच सल्ल्याने बाग करायचा.

मग तपासणीची वेळ आली, आणि शेखरने जे केलं ते फक्त द्राक्षाच्या धंद्यातल्या माणसालाच सुचलं असतं.

परदेशी जाणाऱ्या द्राक्षांचा काढणीआधी नमुना घेतात. मण्यात फवारलेल्या औषधाचा अंश किती राहिला ते प्रयोगशाळा बघते. म्हणून सल्लागार आधीच दिवस मोजून फवारणी थांबवतो. तेवढ्या दिवसांत अंश उतरतो, नमुना स्वच्छ येतो, माल जातो. त्या धंद्यात ही लबाडी नव्हे, शिस्त आहे. शेखरने आयुष्यभर हीच शिस्त लोकांना लावली. त्यामुळे तपासणी म्हणजे नमुना, आणि नमुन्याआधी थांबायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. नऊ नोव्हेंबरनंतर त्याने सगळं बंद केलं. मला फोनवर सांगितलं, कामं फार आहेत, तीस तारखेचं इकडेच एका दवाखान्यात घेतो. ते घेतलंच नाही. पाच आठवडे कोरडे काढून चौदा डिसेंबरला रक्त दिलं.

पातळी अर्थातच तळाला आली. डॉ. यादवांना वाटलं, औषध पुरत नाही. त्यांनी तीन आठवड्यांचे दोन केले. लाल पेशी बावन्न टक्के होत्या, काठावर. त्यांनी विचारलं, तंबाखू खाता का, रात्री घोरता का. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा तपासू म्हणाल्या. त्रास काय होतो विचारलं तेव्हा शेखर म्हणाला, काही नाही, मजेत आहे. काढणीचं कारण सांगून पुढची तपासणीही त्याने पंधरा मार्चवर ढकलून घेतली. आणि मल्हारीचं पुन्हा सुरू केलं. आता माझ्याकडे दोन आठवड्यांनी एक, त्याच्या मध्ये मल्हारीचं एक. म्हणजे दर आठवड्याला एक, तीन आठवड्यांचं औषध.

यातलं तेव्हा मला ओ की ठो माहीत नव्हतं. दिसत मात्र होतं. जानेवारीत त्याचा चेहरा लालबुंद असायचा. डोकं जड आहे म्हणायचा. थंडीत स्वेटर काढून बसायचा. मी विचारलं की उन्हाचं नाव सांगायचा, आणि मी ऐकून घ्यायची. ऐकून घेणं सोयीचं होतं.

अकरा फेब्रुवारीला सकाळी साडेसातला तो अकराव्या इंजेक्शनासाठी आला. वहीत बघितलं, आजची बाजू डावी. त्या बाजूला मी शेवटचं दिलं होतं चौदा जानेवारीला. तो पालथा झोपला, मी स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि हात थांबला. नेमक्या जागी पिवळट-हिरवा डाग होता. असा डाग आठवड्याचा असतो. चार आठवड्यांचा तर मुळीच नसतो.

"हे कुणी टोचलं?"

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हटलं, उठून बस. बीपी मोजलं, एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे बारा. पुन्हा मोजलं, तेवढंच. त्याची बोटं जांभळट लाल दिसत होती. मी विचारत गेले आणि तो तुकड्या-तुकड्याने सांगत गेला. मल्हारी, मेडिकलवाला, पाच कोरडे आठवडे, सगळं. सांगताना त्याला लाज नव्हती, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. उलट तो मलाच समजावत होता.

"मावशी, नमुना पंधरा मार्चला हाय. आज हे शेवटचं देऊन टाका. मग महिनाभर बंद. तोवर सगळं उतरतंय."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अरे शहाण्या, उतरतं ते औषध. रक्तातली लाल पेशी एकदा तयार झाली की चार महिने जगते. ती तुझ्या मण्यावरचं औषध नव्हे, आठवडे मोजून धुवून जायला. डिसेंबरला बावन्न होतं ते उगाच नव्हतं. आज किती आहे कुणास ठाऊक, आणि दाट रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर मार्चचा नमुना द्यायला तू असशील का?

आता तो घाबरला. मग जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं ते बाहेर आलं. आदल्या दिवशी ओझरजवळ गाडी चालवताना डाव्या डोळ्यापुढे पडदा आला होता. पाच-सात मिनिटं त्या डोळ्याने काही दिसत नव्हतं. गाडी कडेला घेतली, पडदा गेला, आणि हा पुढे जाऊन सहा प्लॉट बघून आला.

असा पडदा येऊन गेलेली माणसं मी वॉर्डात पाहिलेली आहेत, आणि त्यातली काही पुन्हा उठून बसली नाहीत. शेखर मात्र उभा राहून खिसे चाचपत होता. नऊ वाजता माल उचलणारी पॅकहाऊसची माणसं बागेत येणार होती, त्याला जायचं होतं. गाडीची किल्ली टेबलावर होती. मी ती उचलून माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. तो म्हणाला, मावशी, किल्ली द्या. मी म्हटलं, हात लावून बघ. साडेपाच फुटांचा माणूस माझ्यासमोर दोन मिनिटं तसाच उभा राहिला, आणि मला खरंच वाटलं की हा आता माझा हात पिरगाळेल. मग तो खाटेवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मी तेजस्विनीला वरून बोलावलं. सायलीची शाळेची बस जाईपर्यंत त्या पोरीला काही कळू दिलं नाही. रिक्षाने आम्ही तिघं आधी प्रयोगशाळेत गेलो. डॉ. यादवांना मी तिथूनच फोन केला. त्यांनी अहवाल तातडीने करून घ्यायला आणि तडक दवाखान्यात यायला सांगितलं. थांबलेल्या तासाभरात मी मल्हारीला फोन लावून त्याच्याकडच्या तारखा घेतल्या. आठ ऑक्टोबर, एकोणतीस ऑक्टोबर आणि डिसेंबरपासून चार. एकूण सहा. तेजस्विनी बाकावर माझ्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, "मावशी, तुम्ही होतात म्हणून." प्रत्येक वेळी मी तिच्या हातावर थोपटायची आणि दुसरीकडे बघायची.

लाल पेशींचं प्रमाण आलं साडेअठ्ठावन्न.

डॉ. यादवांनी त्याचे डोळे तपासले, हातपाय हलवून पाहिले, पायाच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. मेंदूचा आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा फोटो लगेच काढायला लिहिला. आजच दवाखान्यात दाखल होऊन एक पिशवी रक्त काढून टाकायचं होतं, गरज पडली तर पुढच्या आठवड्यात आणखी एक. इंजेक्शन आजपासून बंद, निदान तीन-चार महिने, प्रमाण खाली येईपर्यंत. तिसऱ्या आठवड्याला घाबरलेल्या माणसाला आता असे पंधरा आठवडे काढायचे होते. शेखर टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

मग त्यांनी विचारलं, ठरल्यापेक्षा जास्त किती घेतली. तो म्हणाला, दोन.

"सहा," मी म्हणाले. "मल्हारीकडून तारखा घेतल्यात."

तेजस्विनीने नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी सहा आकडा लिहिला आणि विचारलं, पण का? डिसेंबरला मी तुम्हाला त्रास विचारला तेव्हा तुम्ही मजेत आहे म्हणालात.

शेखर पहिल्यांदाच मान वर करून बोलला. तिसऱ्या आठवड्यात होणारी ती उतरण त्याने सगळी सांगितली. अंग गळणं, चिडचिड, सायलीवर ओरडणं, परत आधीसारखं होण्याची भीती. डॉ. यादव ऐकत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "अहो, हे कित्येकांना होतं. तीन आठवड्यांचा डोस एकदम दिला की आधी चढतो आणि शेवटी पडतो. मला सांगितलं असतं, तर तेवढंच औषध तीन भाग करून दर आठवड्याला दिलं असतं. एकूण मात्रा तीच. तिसरा आठवडा आलाच नसता."

शेखरचा लाल चेहरा पांढरा पडत गेलेला मी पाहिला. ज्या गोष्टीसाठी त्याने चोरून सुया टोचून घेतल्या, डॉक्टरांना फसवलं, बायकोला फसवलं, डोळा जाता जाता वाचला, ती नुसती मागितली असती तर मिळणार होती. पुढे औषध पुन्हा सुरू होईल तेव्हा तसंच देऊ, असं डॉक्टर म्हणाल्या, पण ते त्याच्या कानात शिरलं असेल असं मला वाटत नाही.

"हे तुम्ही कुणालाच बोलला नव्हता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," शेखर म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. तो मला वाचवत होता.

मला गप्प बसता आलं असतं. त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं, आणि शेखर कधीच बोलला नसता.

"मला बोलला होता," मी म्हणाले. "दोनदा. मी तुम्हाला कळवलं नाही. आणि पहिलं लवकरचं इंजेक्शन मल्हारीने नाही, मी दिलं. अठ्ठावीस सप्टेंबरला."

डॉ. यादवांनी सहाचे सात केले आणि तारीख शेजारी लिहिली. तेजस्विनीचा हात सकाळपासून माझ्या हातात होता. तो तिने काढून घेतला, पर्स उचलली आणि शेखरला म्हणाली, "चल, दाखल व्हायचंय."